कोरडी टाच

२ तारीख, मंगळवार

शिट्टी सापडली. मोज्यांच्या खणात, अगदी तळाशी. सहा वर्षं फुटबॉलच्या मैदानावर पाऊल ठेवलेलं नाही, तरी तोंडात धरली तशी पाठ आपोआप ताठ झाली. सव्वीस वर्षं पंचगिरी केली आहे, थट्टा नाही. ही वहीही त्यासाठीच काढली. सगळं लेखी असलेलं बरं.

झालं असं, की गेल्या महिन्यात किनाऱ्यावर कुणाचा तरी चेंडू नगराध्यक्षांच्या सासूबाईंच्या चष्म्यावर बसला आणि दुसऱ्या दिवशी पाटी लागली. बॅट बंद, बॉल बंद, रॅकेट बंद, फेकायची तबकडी बंद. तेव्हापासून संध्याकाळी माणसं येतात, भिंतीवर बसतात, मोबाइल बघतात आणि घरी जातात. आज जीवरक्षक पोरगी आली होती. समुद्रावर लक्ष ठेवायची नोकरी तिची, पण पोहायला शिकली आमच्या ताईकडे. निम्मं गाव ताईकडेच शिकलंय. म्हणाली, "पंचकाका, चेंडूशिवायचे नवे खेळ शोधून द्या. अठ्ठावीसला रविवार आहे, स्पर्धा घेऊ." मी दोन मिनिटं आढेवेढे घेतले, मग हो म्हणालो.

सत्तावीसला भाचा यायचाय. एकोणतीसला तो ताईला घेऊन जाणार, कायमची.

ताईची नजर जाऊन आठ महिने झाले. चार महिन्यांपूर्वी ती आमच्या जिन्यात पडली. मी घरातच होतो, पेपर वाचत. भाचा म्हणाला, आई माझ्याकडे राहील, आठवा मजला आहे, लिफ्ट आहे, दिवसभराची बाई ठेवू. ताई म्हणाली, "ने बाबा, कुठेही ने." तेव्हापासून ती खिडकीत बसून असते आणि मी तिला पडू देत नाही. चहा मी ओततो, पावाला लोणी मी लावतो, न्हाणीघरापर्यंत कोपर धरून मी नेतो. तिचं भलं भाच्याकडेच आहे. पण स्वार्थी विचार आहे, तोही लिहून टाकतो. ती गेली तर या घरात माझ्याशी भांडणार कोण?

४ तारीख, गुरुवार

खेळ पहिला. सोळा घरं, चार संघ, एकतीस नियम. दोरी लावून, चुन्याच्या रेषा मारून मैदान आखायलाच पावणेदोन तास गेले. एका बोटाचाही फरक नव्हता. मग अकरा माणसांना उभं करून नियम वाचायला घेतले.

भरती येणार हे मला ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. भरतीची वेळ नियम एकोणतीसमध्ये दिलेली होती. पण एकोणतीसपर्यंत पोचेपर्यंत बारा घरं वाहून गेली आणि औषधवाले बूट हातात घेऊन पळाले.

घरी येऊन ताईला सांगितलं. ती इतकी हसली की ठसका लागला. "मैदान पळालं? मग समुद्राला लाल कार्ड दाखवलंस की नाही?" चार महिन्यांत पहिल्यांदा हसली. मी पाणी घेऊन धावलो तर म्हणाली, "ठेव तिथे. पेला कुठे असतो ते कळतं मला."

६ तारीख, शनिवार

आज मन उदास आहे.

दुपारी स्वयंपाकघरात होतो. आतून ताईचा आवाज आला. एकटीच पुटपुटत होती. "एकोणीस, वीस, एकवीस, बावीस." थोडं थांबून पुन्हा एकपासून. चार-पाच वेळा तेच. मी कॅलेंडर पाहिलं. आज सहा तारीख. अठ्ठावीसला, म्हणजे तिच्या इथल्या शेवटच्या पूर्ण दिवसाला, बरोबर बावीस दिवस उरलेत.

जायचे दिवस मोजते आहे बिचारी. एवढा कंटाळा आला असेल तिला माझा, असं वाटलं नव्हतं. बटाटे करपले.

७ तारीख, रविवार

घरातल्या बोळात वाळू. मी सकाळी सात ते साडेआठ वाचनालयात असतो, म्हणजे आदल्या दिवशीची माझ्याच पँटच्या दुमडीतून पडली असणार. उद्यापासून दाराबाहेर झटकत जाईन.

९ तारीख, मंगळवार

खेळ दुसरा. पंधरा पावलांवरून शिंपले बादलीत टाकायचे. वाऱ्यापुढे कुणाचं चालेना. एकच शिंपला बादलीत पडला, तोही शेजारच्या बादलीत.

खेळ तिसरा. ओलं पोतं ओढत दोघादोघांची शर्यत. औषधवाल्यांचा घोटा मुरगळला. त्यांनी स्वतःच्याच दुकानातला मलम स्वतःला लावला आणि जाताना म्हणाले, "साहेब, तुमचे नियम चांगले असतात हो, पण खेळ नसतो त्यांत."

हे मला लागलं. रात्री जेवण गेलं नाही. माणूस चूक की बरोबर, एवढंच मी आयुष्यभर सांगत आलो. खेळ दुसरेच कुणीतरी शोधून ठेवलेले होते. म्हणतात ना, नाचता येईना अंगण वाकडं. इथे तर अंगणच दर बारा तासांनी वाहून जातं.

११ तारीख, गुरुवार

ताईला माझी रड ऐकवली. पायाचा घोटा चोळत बसली होती. दिवसभर खिडकीत बसून हिचे पाय कशाने दुखतात, देव जाणे. रक्त फिरत नसेल. उद्या स्टूल आणतो.

म्हणाली, "तुम्ही सगळे समुद्राला अडचण समजता. त्यालाच खेळायला घ्या ना."

"समुद्राला? कुठल्या संघात?"

"समोरच्या. आणि सगळे एकसारखे डोळे फाडून बघत असता. पाठ करा त्याच्याकडे. मोठी लाट यायची असली की आधीची लाट खडे ओढत जरा जास्तच लांब मागे जाते. तो आवाज लांबला, की आपण मागे सरकायचं नाही. दोन्ही कानांना सारखं ऐकू आलं म्हणजे पाठ सरळ आहे, आणि टाचेखालची वाळू घट्ट लागली म्हणजे पाणी जवळ आलंय."

मी म्हटलं, "ताई, खेळाला काही शास्त्र असतं."

"असतं ना," म्हणाली आणि पाय चोळत राहिली.

आठ महिन्यांत किनाऱ्यावर गेली नाही, तरी हिला वाळूचा घट्टपणासुद्धा आठवतो. माणसाची स्मरणशक्ती म्हणजे अजब चीज आहे.

१४ तारीख, रविवार

सापडला! खेळ सापडला!

आज दाढी करताना एकाएकी डोक्यात वीज चमकली. समुद्राकडे पाठ करून खेळायचं! अर्धा चेहरा फेसाने भरलेला, तसाच टेबलाशी बसलो आणि नियम लिहून काढले. फक्त सहा.

एक. खेळाडू वरच्या रेषेवर समुद्राकडे पाठ करून उभा राहील. दोन. पहिल्या शिट्टीला उलट पावलांनी पाण्याकडे निघेल. तीन. मागे वळून पाहिलं, की त्या डावातून बाद. चार. दुसऱ्या शिट्टीला आहे तिथे थांबेल आणि तीन लाटा हलणार नाही. पाच. टाचेला पाणी लागलं तर 'ओली टाच'. दोन ओल्या टाचा झाल्या, की खेळातून बाद. सहा. कोरड्यांपैकी जो पाण्याच्या सगळ्यात जवळ, तो जिंकला.

नाव: कोरडी टाच. खाली लिहिलं, 'खेळाचा शोध:', आणि पुढे माझं नाव. अशा गोष्टी सुचायला सव्वीस वर्षांचा अनुभव लागतो.

ताईला वाचून दाखवलं. तिने सहाही नियम बोटांवर मोजले. मग म्हणाली, "छान सुचलंय हो तुला." तिला आनंद झालेला दिसला. ओठ दाबून हसत होती.

१५ तारीख, सोमवार

जीवरक्षक पोरगी आधी भडकली. "काका, समुद्राकडे पाठ करू नका, हे मी दिवसातून पन्नास वेळा ओरडून सांगते. आणि तुम्ही त्याचा खेळ केलात?" बरोबर होतं तिचं. शेवटी ठरलं, की ओहोटीच्या वेळी, उथळ बाजूलाच खेळायचं आणि ती स्वतः मागे गुडघाभर पाण्यात उभी राहणार. नियम सात झाले.

नऊ जण खेळले. बेकरीवाला पहिल्याच लाटेला कमरेपर्यंत भिजला आणि "परत! परत!" म्हणून नाचायला लागला. औषधवाले मुरगळलेल्या पायाने दोन डाव जिंकले. भिंतीवरची माणसं मोबाइल खिशात घालून खाली उतरली. कुणी मागे वळलं की सगळा किनारा एका सुरात "पाहिलंऽऽ" म्हणून ओरडतो. हे मी नियमात लिहिलं नव्हतं, त्यांचं त्यांनीच सुरू केलं. शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखताहेत. किती वर्षांनी!

१९ तारीख, शुक्रवार

ताईच्या सपाता दारात ओल्या. फरशी पुसणाऱ्या बाईंना म्हटलं, जरा बघून पाणी टाकत जा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच आंधळा आहे.

ताई दुपारी गाढ झोपते हल्ली. भूकही वाढली आहे. जायच्या आनंदाने असेल.

२३ तारीख, मंगळवार

आज तेवीस नावं झाली. यादी जीवरक्षक पोरीच्या अक्षरात आहे. शेवटी नुसतं 'बाई' लिहिलंय. शाळेतल्या बाई असाव्यात. त्यांना जमेलसं वाटत नाही, वजन आहे.

ताईसाठी पहिल्या रांगेत खुर्ची आणि छत्री ठरवली. प्रमुख पाहुणी. शेवटचा रविवार तिचा, थोडा मान व्हायला हवा. सांगितलं तर फटकन म्हणाली, "मला खुर्चीत बसवून काय करणार? हार घालणार?"

"अगं, मानाने बस की जरा."

"चार महिने मानानेच बसले आहे." मग एकदम निवळली. "बरं, ठेव खुर्ची. पिशवी ठेवायला होईल."

मला कळत नाही, मी काय चुकतो. तिचं मन दुखावू नये म्हणून धडपडतो आणि नेमकं तेच होतं. हात दाखवून अवलक्षण.

२७ तारीख, शनिवार

भाचा आला. भला माणूस आहे, आईवर जीव आहे त्याचा. मोठी चाकांची बॅग घेऊन जिना चढला. दार उघडायच्या आत ताई खिडकीतून म्हणाली, "रिकामी बॅग घेऊन आलास होय रे?"

तो गडबडला. "तुला कसं कळलं?"

"वाजतेय की. भरलेली बॅग अशी खुळखुळत नाही."

जेवताना त्याने तिच्यासाठी पाव मोडून दिला, मी सूप ढवळून दिलं. ती दोघांच्या मध्ये हात मांडीवर ठेवून बसली. नंतर तो मला हळूच म्हणाला, "मामा, तू खूप केलंस. पण एकट्याच्याने होण्यातलं नाही हे. पुन्हा जिन्यात काही झालं तर?" मीच होतो ना त्या दिवशी पेपर वाचत. म्हटलं, तुझं बरोबर आहे. आणि भांडी घासायच्या निमित्ताने उठलो, कारण डोळे भरून आले होते.

२८ तारीख, रविवार

क्रमाने लिहितो.

साडेचारला ओहोटी. मी तीनपासून रेषा मारत होतो. भाच्याला बजावून आलो होतो, आईला दंडाला घट्ट धरून जिना उतरव. सव्वाचारला वर पाहतो तर भिंतीच्या पायऱ्यांवरून ताई येते आहे. एकटी. हातात काठी, अंगावर जुना पोहणं शिकवायच्या वेळचा सदरा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. भाचा चार पायऱ्या मागे, दोन्ही हात पुढे पसरून, तोंड उघडं.

मी मांडलेल्या खुर्चीपाशी आली. पिशवी खुर्चीत ठेवली. काठी तिच्यावर आडवी ठेवली. आणि पायांनी चाचपत सरळ रेषेवर जाऊन उभी राहिली.

"ताई, हे काय?"

"यादी बघ. शेवटचं नाव."

मी जीवरक्षक पोरीकडे पाहिलं. ती पाण्यात उभी राहून आभाळाकडे बघायला लागली. भाचा ओरडला, "मामा, थांबव तिला!" तोंडात शिट्टी, समोर तेवीस खेळाडू, भिंतीवर अख्खं गाव. नियमात कुठेही लिहिलेलं नाही, की दिसणारेच खेळू शकतात. मी स्वतःच लिहिलेत, मला ठाऊक आहे. उलट पाठ केल्यावर कुणालाच दिसत नाही.

"तूही खेळ," ताई भाच्याला म्हणाली. "बूट काढ. पाठ कर. आणि मग सांग मला काय जमत नाही ते."

तोही उभा राहिला, ऑफिसची पँट दुमडून. पहिली शिट्टी दिली. सगळे उलट निघाले. ताई सगळ्यांत पुढे, म्हणजे मागे. भाचा घाईने तिच्याही मागे, पाण्याकडे गेला. मान जराशी कललेली, ऐकत होती. दुसरी शिट्टी. पहिली लाट आली, गेली. दुसरीने भाचा पोटरीपर्यंत भिजला. तिसरी ताईच्या टाचेपाशी येऊन थबकली आणि परत गेली.

मी गुडघ्यावर बसलो. टाचेला बोट लावलं. कडेला ओल होती, नखाएवढी. कुणालाही दिसली नसती.

माझ्या मनात काय आलं ते खरं खरं लिहितो. वाटलं, कोरडी म्हणून टाक. चार महिने तिला आनंदाचा कवडसासुद्धा मिळालेला नाही. तिच्या लेकासमोर तिची शोभा होईल. उद्या तर ती चालली. सव्वीस वर्षांत मी नातेवाइकाच्या बाजूने एकही निर्णय दिलेला नाही, आज एक दिला तर कोण विचारणार आहे?

मग शिट्टी फुंकली. "ओली टाच!"

भिंतीवरून एकच गलका झाला. "अहो, जाऊ द्या की!" "पंच, लाज वाटते का?" भाचा गुडघाभर पाण्यातून धावत आला. "मामा, अरे तिला दिसत नाही!"

"टाच ओली आहे," मी म्हटलं.

आणि ताई हसली. खळखळून, मागे डोकं टाकून. "ओली आहेच! त्याच्याआधी मलाच कळलं." मग माझ्या दिशेने तोंड करून हळूच म्हणाली, "आत्ता कुठे माझ्याशी नीट वागलास."

पुढचं काय सांगू! दुसऱ्या डावात औषधवाले तिच्याकडून पाच बोटांनी हरले. तिसऱ्यात बेकरीवाल्याने मागे वळून पाहिलं आणि "पाहिलंऽऽ" च्या आवाजाने बगळे उडाले. भाचा कधीच दोन ओल्या टाचा घेऊन बाद झाला होता आणि काठावर उभा राहून आपल्या आईकडे बघत होता. शेवटच्या डावात दोघंच उरली, ताई आणि औषधवाले. दोघांच्याही खात्यात एकेक ओली टाच.

पहिली शिट्टी. औषधवाले भराभर मागे गेले आणि थांबले. ताई त्यांच्याही मागे गेली, एक पाऊल, अर्धं पाऊल. मागे गेलेल्या लाटेने खडे ओढले. तो आवाज लांबला, लांबतच गेला. आज पहिल्यांदा मीही ऐकला. ताई झटकन दोन पावलं पुढे आली, टाच टेकवली आणि मी दुसरी शिट्टी दिली. मोठी लाट आली. औषधवाल्यांना घोट्यापर्यंत भिजवून गेली. ताईच्या टाचेमागे फेसाची रेघ आखून परतली. दुसरी आली, छोटी. तिसरी त्याहून छोटी.

मी बोट लावलं. एकदा, दोनदा. कोरडी. ठणठणीत कोरडी! फेसापासून दोन बोटं.

मी शिट्टी फुंकायला गेलो तर फुंकच निघेना, रडू आलं होतं. शेवटी तिचा हात धरून वर केला. मग जो आवाज उठला तो मी माझ्या एकाही सामन्यात ऐकलेला नाही. तिच्या हाताखाली पोहायला शिकलेली पन्नाशीची माणसं लहान पोरांसारखी नाचत होती. औषधवाल्यांनी वाकून तिला मुजरा केला आणि तिथेच वाळूत बसले.

जीवरक्षक पोरगी कबूल झाली. मी रोज सातला वाचनालयात गेलो, की या दोघी खाली किनाऱ्यावर सरावाला. पहिले चार दिवस तिने हात धरला. पाचव्या दिवसापासून बाईंनी धरू दिला नाही.

"मला का नाही सांगितलंस?" मी ताईला विचारलं.

"सांगितलं असतं तर माझ्या कमरेला दोरी बांधली असतीस."

भाचा ओल्या पँटने तिच्यासमोर उकिडवा बसला. तिच्या पायांची वाळू झटकली. मग म्हणाला, "आई, जिना कसा उतरलीस?"

"मोजून. बावीस पायऱ्या आहेत."

बावीस! तीस वर्षं तो जिना चढतो-उतरतो आहे मी. किती पायऱ्या आहेत, कधी मोजल्या नव्हत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"आठव्या मजल्यावर मी काय मोजू रे?" ताई म्हणाली. चिडून नाही, अगदी मऊ आवाजात. "तेव्हा 'ने' म्हणाले, कारण मला वाटलं संपलं सगळं. आता मला इथेच राहायचंय."

भाच्याने माझ्याकडे पाहिलं. "मामा, तू तिला सगळ्यांसमोर ओली टाच दिलीस," तो म्हणाला. मला वाटलं, आता बोलणी बसणार. पण त्याने डोळे पुसले. "मला वाटत होतं, इथे तिच्याकडे कुणी बघणारं नाही. तू तर नखाएवढी ओलसुद्धा बघितलीस."

२९ तारीख, सोमवार

सकाळी नियमांचा कागद काढला. 'खेळाचा शोध:' याच्यापुढचं माझं नाव खोडलं, ताईचं लिहिलं. वाचून दाखवलं. "आता सुचलं होय," म्हणाली. मग म्हणाली, तुझंही राहू दे खाली, भरतीची वेळ लिहिणारा म्हणून.

नाश्त्याला भाचा सवयीने तिच्या पावाला लोणी लावायला गेला. मी शिट्टी फुंकली. स्वयंपाकघरात इतकी जोरात वाजली, की त्याच्या हातातली सुरी पडली. "खेळाडूला हात लावायचा नाही," मी म्हटलं. पुढच्या महिन्यात सुट्टी घेऊन येतोय तो, सरावाला. दोन ओल्या टाचा त्याच्या जिव्हारी लागल्या आहेत.

दहाला निघाला. आईच्या पाया पडला, मला मिठी मारली, बॅग उचलली. चाकं जिन्यावर आपटत गेली. ताई टेबलाशी बसून कान देऊन ऐकत होती. बोटांनी टेबलावर मोजत होती. बाविसावी पायरी वाजली तशी तिने श्वास सोडला.

"रिकामीच गेली," म्हणाली, आणि किटली ओढून आपला चहा आपण ओतून घेतला.

थोडा बशीत सांडला. मी जागचा हललो नाही.